चंद्र नसलेल्या रत्नागिरीची गोष्ट

माझी पहिली गोष्ट संपादकांनी परत केली, ती त्यातला समुद्र चुकला होता म्हणून. भाषा बरी आहे, अक्षर उत्तम आहे, पण समुद्र साफ चुकलाय, असं त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. एकोणीसशे विसाचं दशक संपत आलं होतं. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. लग्नाला काही वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि घरात आम्ही तिघंच होतो: मी, सरकारी कचेरीत कारकून असलेले माझे यजमान आणि सासूबाई.

संपादक म्हणजे हायस्कुलात शास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणे. वरच्या आळीत त्यांचं जांभ्या दगडाचं घर होतं आणि त्या घराच्या पडवीत त्यांच्या मासिकाची कचेरी होती. कचेरी म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला लावलेला पृथ्वीचा नकाशा. मासिकात साबण कसा करावा, शाई कशी करावी, बिनतारी संदेश म्हणजे काय, घरच्या घरी दुर्बीण कशी जोडावी असे लेख येत. वर्गणीदार म्हणजे कोकणातले शाळामास्तर आणि मुंबईला नोकरीला असलेले आमच्याच भागातले चाकरमानी. गोष्टींना मासिकात जागा नव्हती. लोकांनी मास्तरांकडे भुताखेतांच्या गोष्टी पाठवल्या की ते त्या वाचून न चुकता परत करत.

मलाही त्यांनी गोष्ट मागितली नव्हतीच. मुलींना समजेल असा भरती-ओहोटीवर लेख लिहा, एवढंच म्हणाले होते. मी लिहायला बसले, पण लेख काही केल्या हलेना. शेवटी कंटाळून मी एका कोऱ्या कागदावर लिहिलं की समजा, एके दिवशी चंद्र उगवलाच नाही. त्या एका वाक्यानंतर माझा हात थांबला नाही. माझ्या गोष्टीत भाट्याच्या खाडीतलं पाणी जागच्या जागी थांबलं, मचवे चिखलात रुतले, खाडीला शेवाळ आलं आणि मांडवीचं बंदर ओस पडलं. मला वाटलं, झकास जमलंय.

मास्तरांनी ते वाचलं आणि मला बोलावून घेतलं. ते म्हणाले, "चंद्र नेलात, हरकत नाही. गोष्टीत तेवढं चालवून घेऊ. पण बाई, सूर्य कुठे नेलात?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. समुद्र एकटा चंद्र ओढत नाही, सूर्यही ओढतो. चंद्र गेला तरी सूर्याची भरती राहील. ती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहून लहान असेल, पण राहील. आणि चंद्रामुळे भरतीची वेळ रोज पुढे सरकते, ते सरकणं बंद होईल. लेख म्हणून हे छापता येणार नाही आणि गोष्ट म्हणून खोटं आहे, असं म्हणून त्यांनी कागद माझ्या हातात दिले.

मी चिडूनच घरी आले. पण भाताचं आधण ठेवता ठेवता त्यांचं शेवटचं बोलणं मनात घोळू लागलं. भरती रोज त्याच वेळेला येणार. म्हणजे पुनव-अवसेचं उधाण नाही, अष्टमीच्या भांगाचं मंद पाणी नाही. समुद्र कचेरीच्या घड्याळावर चालणार. मग राजिवड्याच्या कोळ्यांना रोज ठराविक वेळेलाच होड्या काढाव्या लागतील, होड्यांवरचे तांडेल कारकुनासारखे वेळ बघून घरून निघतील, आणि आकाशाकडे बघून पाण्याची वेळ सांगणाऱ्या म्हाताऱ्यांना कुणी विचारणार नाही. माझ्या पहिल्या गोष्टीत समुद्र मेला होता. या गोष्टीत तो जिवंत होता, पण नोकरीला लागला होता. मला ती कल्पना इतकी आवडली की मी सगळं फाडून पुन्हा लिहिलं.

या खेपेला मास्तरांनी कागद परत केले नाहीत. ते म्हणाले की ही गोष्ट एका अंकात मावणार नाही, तुम्ही तिची कादंबरी करून ती वर्षभर चालवा.

त्याच सुमाराला पूर्णगडचे एक मुसलमान गृहस्थ मासिकाच्या वर्गणीसाठी आले. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या गलबतांचा धंदा होता. त्यांचा पुतण्या मोठ्या आगबोटीवर खलाशी होता आणि अमेरिकेपर्यंत जाऊन आला होता. तिकडून त्याने एक मासिक आणलं होतं, ते त्यांनी मास्तरांना वाचायला दिलं आणि मास्तरांनी मला. कागद खरबरीत, कडा कुरतडल्यासारख्या, आणि मुखपृष्ठावर हत्तीएवढा किडा एका शहरावर चालून जाताना दाखवलेला. ते चित्र सासूबाईंच्या नजरेला पडू नये म्हणून मी त्याला खाकी कागदाचं वेष्टण घातलं आणि शब्दकोश जवळ घेऊन महिनाभर वाचत बसले.

सगळ्या गोष्टी चंद्रावर, मंगळावर, समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या पुरुषांच्या होत्या. मला त्या आवडल्या. पण वाचताना एक गोष्ट सारखी खटकत होती. हे सगळे जातात, आणि मागे कुणीच राहत नाही. कुणी वाट बघत नाही, कुणी स्वयंपाक करत नाही, कुणाचं काही अडत नाही. आमच्या भागात घरटी एक माणूस मुंबईला नाहीतर बोटीवर गेलेला असे. जाणं म्हणजे काय हे आम्हाला मागे राहिलेल्यांकडून कळत होतं. मी तेव्हाच ठरवलं की आपल्या गोष्टीतलं कुणी कुठे जाणार नाही. जायचं ते चंद्राने. आपण रत्नागिरीत राहू आणि काय होतं ते बघू.

त्या अमेरिकी मासिकाच्या शेवटी वाचकांची पत्रं होती. अमुक गोष्टीतल्या विमानाचा वेग गणितात बसत नाही, तमुक लेखकाने मंगळावर हवा कुठून आणली, असं वाचक भांडत होते आणि तिथला संपादक त्यांना शांतपणे उत्तरं देत होता. मास्तर त्या पानांवर इतके खूश झाले की त्यांनी आमच्या मासिकातही वाचकांच्या शंकांचं एक पान सुरू केलं. पहिली शंका पूर्णगडच्या गृहस्थांचीच आली. त्यांनी मास्तरांना तोंडीच विचारलं होतं की चंद्र दिसणार नाही तर रमजान कधी लागणार आणि ईद कधी धरायची, हे बाईंनी लिहिलंय का? मी लिहिलं नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग मी आमच्या घरात दर महिन्याला काय होतं ते आठवलं आणि माझ्या लक्षात आलं की कादंबरीचं खरं प्रकरण अजून लिहायचंच राहिलंय.

सासूबाई संकष्टी करत. दिवसभर उपास आणि चंद्रोदय झाल्यावर चंद्राला अर्घ्य देऊन मग जेवण. चंद्रच नाही तर हा उपास सुटायचा कधी? मी प्रकरण लिहिलं. त्यात एक म्हातारी बाई अंगणात ताट वाढून पूर्वेकडे तोंड करून बसते. चंद्र येत नाही. घरातले जेवून घेतात, ती बसूनच राहते. मला ते फार करुण आणि फार सुंदर वाटलं.

एका दुपारी सासूबाई कुळीथ निवडत बसल्या होत्या, तेव्हा मी त्यांना ते वाचून दाखवलं. त्यांनी हातातलं काम न थांबवता सगळं ऐकलं. चंद्र नाहीसा करण्याबद्दल त्या रागावतील अशी मला धास्ती होती, पण त्यांची तक्रार वेगळीच निघाली.

"अगो, ही एकटीच काय म्हणून बसल्येय?" त्यांनी विचारलं. "आळीतल्या बाकीच्या बायका कुठे गेल्या? त्यांचा नाही का उपास?"

मी म्हटलं की ही गोष्ट त्या एका बाईची आहे. त्या म्हणाल्या की चंद्र सगळ्यांचा गेलाय ना, मग ही एकटीची गोष्ट कशी होईल? आणि सूप उचलून आत गेल्या.

मी ते प्रकरण पुन्हा लिहिलं. आता आळीतल्या बायका एकमेकींच्या अंगणात जाऊन विचारतात, दिसला का? मग सगळ्या मिळून टेकडीवर जातात, तिथून क्षितिज मोकळं दिसतं म्हणून. चंद्र नाही म्हणून तिथींचा हिशेबच चुकलेला, त्यामुळे त्याच संध्याकाळी खाली राजिवड्याच्या बाजूने मुसलमान बायकाही वर आलेल्या असतात, त्यांना ईदचा चंद्र बघायचा असतो. त्याच टेकडीवर दोन्हीकडच्या बायका एकाच रिकाम्या आकाशाकडे बघत बसतात. आता तिथी आणि महिने आपणच ठरवायचे, असं त्या तिथे ठरवतात, आणि एक जण कातळावर दगडाने पहिली रेघ ओढते.

हे प्रकरण छापखान्यात गेलं आणि तिथेच अडलं.

छापखान्याचे मालक वाईट गृहस्थ नव्हते. वर्षानुवर्षं मास्तरांचं मासिक त्यांनी सांभाळून छापलं होतं. पण त्यांच्या छापखान्याचं मुख्य काम म्हणजे पंचांग. समुद्राच्या वेळा बदलल्या तोवर त्यांची तक्रार नव्हती. बायका तिथी ठरवतात म्हटल्यावर त्यांनी अक्षरांचे खिळे जुळवणं थांबवलं आणि स्वतः मास्तरांकडे आले. मीही तेव्हा तिथे होते. ते मला नमस्कार करून मास्तरांना म्हणाले, "ज्या यंत्रावर मी पंचांग छापतो, त्या यंत्रावर चंद्र नाही असं माझ्या हातून छापलं जाणार नाही. एवढं एक प्रकरण गाळा, बाकीचं सगळं छापून देतो."

ते गेल्यावर मास्तरांनी प्रकरणाचे कागद पुन्हा चाळले. मग मलाच म्हणाले की प्रकरण गाळलं तरी गणिताला धक्का लागत नाही, वाचकाला पुढचं सगळं समजेल. त्यांची अडचण मला दिसत होती. त्यांनी नाकारलेलं काम गावातला दुसरा कुठला छापखाना घेणार नव्हता. पावसाळा तोंडावर होता, आगबोटी बंद झाल्या की मुंबईहून काहीच येणार नव्हतं आणि काही जाणारही नव्हतं. पण मी मनाशी पक्कं करूनच बसले होते.

"मास्तर," मी म्हटलं, "चंद्र गेला आणि गावातल्या एकाही बाईचा उपास अडला नाही, तर तो चंद्र या गावावरचा नव्हताच. मग नुसत्या पाण्याची गोष्ट राहते. ती मला लिहायची नाही. हे प्रकरण नको असेल तर सगळीच गोष्ट परत द्या."

मास्तरांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. ते म्हणाले, "तर मग यंत्र दुसरं शोधायला हवं."

यंत्र पूर्णगडच्या गृहस्थांनी शोधून दिलं. बाजारात त्यांच्या नात्यातल्या एका वयस्कर माणसाचा जुना शिळाछाप होता. पूर्वी त्यावर मुलांची उर्दू क्रमिक पुस्तकं आणि लग्नाची आमंत्रणं छापत. मग मुंबईहून सुबक छापलेली पुस्तकं येऊ लागली आणि तो दगड पोत्याखाली पडून राहिला. शिळाछापाला खिळे लागत नाहीत. खास पिवळ्या कागदावर चिकट शाईने मजकूर हाताने लिहायचा, तो कागद दगडावर दाबायचा, अक्षरं दगडावर उमटतात, आणि मग त्या दगडावरून हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. म्हणजे अख्खा अंक कुणीतरी स्वच्छ हाताने लिहून काढायला हवा होता. त्या वयस्कर मालकांनी मास्तरांना विचारलं की लिहिणार कोण? मास्तरांनी माझ्याकडे बोट केलं.

त्याच आठवड्यात आमचे हे कचेरीतून जरा उशिरा आले. हात-पाय धुऊन चहा घेताना त्यांनी सांगितलं की हेडक्लार्कांनी बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या घरातून धर्मावर काहीबाही लिहिलं जातंय म्हणतात, ते खरं का? मी विचारलं, तुम्ही काय सांगितलंत? ते म्हणाले की भरती-ओहोटीवर लिहिलं जातंय असं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "शेवटची बोट सुटायच्या आत होईल का तुझं?"

मी म्हटलं, होईल.

शाळेला सुट्टी लागलेली होती. मे महिन्याचा उकाडा, अंगाला चिकटणारा घाम. त्या पिवळ्या कागदाची खोड अशी की त्याला घामाचा हात लागला तरी तो डाग दगडावर जातो आणि छापला जातो. पहिलं पान मी जीव ओतून लिहिलं, ते दगडावर चढवलं, आणि पहिली प्रत निघाली तर समासात माझा अंगठा काळाभोर उमटलेला. सगळं पान पुन्हा लिहिलं. नंतर मी मनगटाखाली धुतलेल्या धोतराची घडी ठेवू लागले. ह्यांचा हात माझ्यापेक्षा कोरडा. कचेरीतून आल्यावर ते पाटावर कागद ठेवून, कडेलाच बोटं टेकवून, फिकट रेघा आखून देत. एका शब्दाने कधी म्हणाले नाहीत की मी तुझ्या बाजूने आहे. रेघ मात्र एकही वाकडी गेली नाही.

अंकात नुसतं माझं प्रकरण नव्हतं, बाकीचंही सगळं होतं. साबणावरचा लेख मीच लिहून काढला, बिनतारीच्या आकृत्या मीच काढल्या, शंकांची उत्तरंही लिहिली. चुकलं तर पात्याने दगड खरवडून दुरुस्त करावं लागे आणि ते काम शिळाछापाचे मालक स्वतः करत. त्यांना देवनागरी नीट वाचता येत नसे. टेकडीवरचं पान दगडावर चढलं तेव्हा पूर्णगडच्या गृहस्थांनी त्यांना ते वाचून दाखवलं. ईदचा उल्लेख आला तेव्हा मालकांनी ते दोनदा वाचायला लावलं, आणि त्या पानाच्या प्रती काढताना दाब कमी-जास्त होऊ नये म्हणून दांडा स्वतःच्या हाताने फिरवला.

पानं आमच्या ओटीवर वाळवली. सासूबाई आणि मी ती घडी घालून दोऱ्याने शिवली. सासूबाईंना वाचता येत होतं, पण सावकाश. शिवताना मध्येच थांबून त्या टेकडीचं पान पुन्हा वाचत. एकदा त्यांनी विचारलं की रेघ ओढणारी बाई कोण? मी म्हटलं, कुणीही. त्यांनी मान हलवली आणि दोरा ओवला. हंगामातली शेवटची बोट मांडवीहून सुटायच्या आत अंकाचे गठ्ठे पडावात चढले. मी धक्क्यावर उभी राहून ते बोटीवर पोचेपर्यंत बघत राहिले.

काय झालं ते आता सरळ सांगते. बरेच अंक परत आले. काहींनी वर्गणी बंद करत असल्याचं कळवलं, काहींनी कळवण्याचीही तसदी घेतली नाही. मुंबईच्या एका गृहस्थांनी लिहिलं की लेखकाने आधी स्वतःच्या घरातल्या स्त्रियांना विचारायला हवं होतं. मी ते पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं, तेव्हा त्या पहिल्यांदा मनापासून हसल्या. मासिकात माझ्या गोष्टीवर "एक शिक्षक" एवढंच छापलेलं असे, त्यामुळे लिहिणारा पुरुषच आहे असं सगळे धरून चालले होते.

पण शंकांच्या पानावर कधी नव्हती इतकी गर्दी झाली. चंद्राशिवाय रात्री किती काळ्या होतील, पृथ्वीचा आस कलंडेल का, खेकडे अंडी कधी घालतील, असे प्रश्न यायला लागले. हेदवीहून एका बाईंचं कार्ड आलं. त्यांच्या यजमानांच्या नावाने अंक येई, तो त्या आधी वाचत. टेकडीवरच्या बायका खाली उतरताना कोणतं गाणं म्हणत होत्या, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. गाणं मी लिहिलंच नव्हतं. पुढच्या प्रकरणात लिहिलं.

ती कादंबरी शेवटपर्यंत शिळाछापावरच निघाली. शेवटावरून माझं आणि मास्तरांचं एकदा जोराचं वाजलं. चंद्र परत आणा, वाचकाला बरं वाटेल, असं त्यांचं मत पडलं. मी विचारलं, तो कुठल्या नियमाने परत येईल? चंद्र परत आला नाही. गावाने कातळावरच्या रेघांवर आपला महिना बसवला आणि कादंबरी संपली. नंतर छापखान्याचे मालक पुन्हा मास्तरांकडे आले आणि मासिक परत त्यांच्याकडे छापायला गेलं. कुणी कुणाला टोचून बोललं नाही. त्यांनी मला मात्र एवढं सांगितलं की बाई, पुढच्या गोष्टीत तुम्ही सूर्याला हात लावू नका.

पुण्याच्या एका मोठ्या मासिकाकडून मला एकदा विचारणा आली. अक्षरावरून की कशावरून कोण जाणे, पण लिहिणारी बाई आहे हे त्यांना समजलं होतं. तुमची लेखणी समर्थ आहे, पण ग्रहगोल पुरुषांवर सोडा आणि आम्हाला घरगुती कथा द्या, असं त्यांनी कळवलं. मी टेकडीचं प्रकरणच त्यांना पाठवलं आणि लिहिलं की यापेक्षा घरगुती माझ्याजवळ काही नाही. त्यांनी ते छापलं नाही.

तिसाच्या दशकाच्या मध्यावर मास्तरांना दिसेनासं झालं आणि ते इंदूरला मुलाकडे राहायला गेले. जाण्याआधी त्यांनी मला बोलावून घेतलं, भिंतीवरचा नकाशा उतरवून गुंडाळला आणि माझ्या काखेत दिला. मासिक चालवायचं की बंद करायचं ते तुम्ही ठरवा, असं म्हणाले. घरी येऊन मी ह्यांना आणि सासूबाईंना सांगितलं की चालवणार आहे. पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर संपादिका म्हणून माझं नाव छापलं. पूर्ण नाव, "एक शिक्षक" नव्हे. त्या नावामुळे आणखी काही वर्गणीदार गेले, काही नवे आले. पत्रं मात्र शेवटपर्यंत "संपादक महाशय" म्हणूनच येत राहिली, आणि मी प्रत्येकाला स्वतःच्या नावाने सही करून उत्तर देत राहिले.

लढाई सुरू झाल्यावर कागद मिळेनासा झाला, तेव्हा मासिक थांबलं. तोवर माझी दुसरी कादंबरी लिहून झाली होती. ती आमच्या सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, कातळाखाली राहणाऱ्या माणसांची आहे, आणि त्यात पाणी कुठून येतं, हवा कुठून येते हे सगळं नीट बसवलेलं आहे. आजवर दोन प्रकाशकांनी ती नाकारली. तिसऱ्याकडे ती परवाच पाठवली आहे.